तळ्यातला साठा

"एक. सहा. दोन. चार. शून्य. शून्य."

"एक. सहा. दोन. चार. शून्य. शून्य," मी परत वाचून दाखवलं. "एक लाख बासष्ट हजार चारशे टन. अखेरचा साठा."

"बरोबर," पलीकडून कुचनकार म्हणाले. यानंतर ते नेहमी "ठेवतो" म्हणत आणि फोन ठेवत. त्या संध्याकाळी त्यांनी तो ठेवला नाही. "उद्या मोजणीला तुमच्या ऑफिसातून कोण येऊन राहिलं?"

"मी."

लाइनवर खरखर ऐकू आली. मग ते म्हणाले, "तुम्ही? बरं. टोपी आणा. इकडं ऊन फार आहे. ठेवतो."

ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या एकतीस मार्चची गोष्ट. महिन्याचे आकडे एरवी चार तारखेला यायचे, पण मोजणीसाठी वहीतला साठा त्या दिवशीच घ्यायचा होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एम. एस्सी. करून नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात लागले होते. देशात दर महिन्याला किती कोळसा निघाला, किती रवाना झाला आणि किती खाणीवर पडून राहिला, याचे आकडे आमच्या विभागातल्या खाणींकडून गोळा करून वर पाठवणं हे माझं काम. आधी फोनवर कच्चा आकडा यायचा, मग टपालानं सहीचा तक्ता, मग वर्षअखेर पक्का आकडा. अशा शेकडो खाणींचे आकडे एकमेकांत मिळून शेवटी देशाचा एकच आकडा होई आणि तो एका जाड निळ्या पुस्तकात छापला जाई. पुस्तक कुणी वाचत असे असं मला वाटत नाही. पण वीज केंद्रांना कोळसा पुरेल का, बाहेरून किती आणायचा, हे त्यावरून ठरायचं.

फोनची एक पद्धत होती. आकडा एकेक अंक सुटा सांगायचा. घेणाऱ्यानं तो परत वाचायचा. देणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, आणि फोनही देणाऱ्यानंच ठेवायचा. घेणाऱ्यानं आधी ठेवला तर चूक लक्षात येऊनही दुरुस्त करायची राहून जाते, असं आमचे रामटेककर साहेब सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे शिकवलं होतं.

पिंपळझरी खाणीचे सर्व्हेअर पुंडलिक कुचनकार मला तीन वर्षं महिन्यातून एकदा आकडे देत होते. उत्पादन जरा कमी दिसलं तर मी कारण विचारायची. ते सांगत, "गेल्या महिन्यात खाणीत रोही उतरली होती. पिल्लू होतं संगं. चार तास डंपर थांबवले." नीलगाईचं असं कारण लिहायला तक्त्यात जागा नव्हती, मी 'इतर' असं लिहायची. पुढं पुढं उत्पादन ठीक असलं तरी आकड्यांनंतर ते एखादं वाक्य जास्तीचं बोलू लागले. आज ऑफिसच्या पत्र्यावर मोर बसला होता. आज पाण्याच्या टाकीत साप निघाला. मी "हो का?" म्हणायची. एवढंच. पण महिन्याची चार तारीख जवळ आली की मला टेबल आवरावंसं वाटे.

खाणीवर पोचले तेव्हा दुपार झाली होती. जीपपाशी एक शिडशिडीत, सावळा, जाड चष्म्याचा माणूस उभा होता. तो बोलला आणि मग मला ओळख पटली.

"मी तुम्हाला उंच समजत होतो," ते म्हणाले, आणि लगेच वरमले. "आवाजावरून."

"मी तुम्हाला म्हातारे समजत होते."

"चला, दोघांचेही अंदाज पाच टक्क्यांच्या बाहेर गेले," असं म्हणून ते हसले.

पाच टक्के म्हणजे आमच्या कामातली लक्ष्मणरेषा. वर्षातून एकदा दुसऱ्या खाणक्षेत्रातलं पथक येऊन कोळशाचा ढीग मोजत असे. वहीतला साठा आणि मोजलेला साठा यांत पाच टक्क्यांपर्यंत फरक पडला तर वहीचाच आकडा धरायचा, कारण ढीग काही वजनकाट्यावर चढवता येत नाही. फरक त्याहून जास्त निघाला तर चौकशी. एक तर कोळसा चोरीला गेला, नाही तर तो कधी निघालाच नव्हता आणि नुसता वहीत दाखवला होता. दोन्ही बाबतींत पहिली गदा सर्व्हेअरवर यायची.

पथकाचे प्रमुख दिघोरीकर साहेब निवृत्तीला आले होते. डोक्यावर सोला हॅट, तोंडात सुपारी. त्यांनी दुर्बीण लावली. दीड दिवस त्यांची माणसं ढिगावर चढत-उतरत, पट्टी उभी धरत, ओरडून जागा सांगत राहिली. पेटीत कोळसा भरून त्याचं वजन केलं. एका घनमीटरला जवळजवळ एक टन भरला. ढिगाखालच्या जमिनीची पातळी एकोणऐंशी सालच्या पायाच्या नकाशात होती. ढिगाचा वरचा आकार आजचा, खालचा नकाशातला. दोन्हींच्या मधे जे मावेल तो साठा.

दोन तारखेच्या संध्याकाळी दिघोरीकरांनी आकडेमोड संपवली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी ती दोनदा तपासली.

एक लाख सत्तेचाळीस हजार आठशे. वहीपेक्षा चौदा हजार सहाशे टन कमी. नऊ टक्के.

खोलीत आम्ही तिघंच होतो. कुचनकार कागदाकडं न बघता खिडकीतून ढिगाकडं बघत होते.

"गेल्या वर्षी फरक किती होता?" मी विचारलं.

"दीड टक्का," दिघोरीकर म्हणाले. "पोरगा चांगला आहे हो. मी याला आठ वर्षं ओळखतो." त्यांनी सुपारी गालात सारली. "मॅडम, घनता जरा वर धरू. एक पूर्णांक शून्य सहा. ढीग खालून दाबला जातोच न. फरक पाचच्या आत येतो. तुमची सही, माझी सही, याची सही. घरी जाऊ."

"पेटीचं वजन आपण सगळ्यांनी पाहिलं," मी म्हणाले. "ते एक आलंय."

"पेटी काय, लहानशी."

"सहा पेट्या होत्या साहेब. सहाही वेळा एकच आलं."

दिघोरीकरांनी कुचनकारांकडं पाहिलं. "बोल बाबा. तुझी नोकरी आहे."

"घनता वाढवू नका," कुचनकार म्हणाले. "मॅडमचं बरोबर आहे. कोळसा आहे. मोजला गेला नाही."

"म्हणजे माझी मोजणी चुकली म्हणतोस?"

"नाही साहेब. तुम्ही वरून बरोबर मोजलं. खालून चूक आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ढिगाचा पूर्वेकडचा भाग तळ्यावर उभा आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पिंपळझरी हे त्यांचं गाव. एकोणऐंशीत खाणीसाठी उठवलेलं. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, त्यात त्यांना पट्टी धरायचं काम; सर्व्हेअरची परीक्षा त्यांनी नंतर दिली. पहिल्याच आठवड्यात ढिगाच्या जागेचा नकाशा करायला घेतला, तेव्हा भाद्रपद होता आणि गावचं तळं काठोकाठ भरलेलं. त्या वेळचे सर्व्हेअर म्हणाले, पाणी काय, सगळीकडं सारखंच, चार काठांवर पट्टी धर. कुचनकारांनी धरली. पाण्याची पातळी हीच जमीन म्हणून नकाशात चढली.

"खोल किती आहे म्हणून कोणी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, नकाशात पाणी आहे असं दिसलं तर तिथं कोळसा टाकणार नाहीत. गावाला तसा शब्द दिला होता. तळं राहील, बायांनी गौर पाण्यात शिरवायला यावं."

आठ वर्षं तो शब्द टिकला. ढीग तळ्याच्या अलीकडंच राहिला. गेल्या डिसेंबरात वॅगन मिळेनात, यार्डात जागा उरली नाही, आणि तेव्हाच्या मॅनेजरनं डोझर लावून कोळशानंच तळं बुजवलं, वर ढीग वाढवला. फेब्रुवारीत त्याची बदली झाली. नव्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"भरायच्या आधी पातळी घ्यायला हवी होती," दिघोरीकर हळू आवाजात म्हणाले. "ते तुझं काम होतं, पुंडलिक."

"हो."

"मग?"

"तीन दिवस भरत होते. मी तिकडं गेलोच नाही साहेब. दुर्बीण घेऊन निघायचो आणि वजनकाट्यापाशी थांबायचो."

दिघोरीकरांनी सुपारी थुंकली, मग माझ्याकडं वळले. "आता तळं किती खोल होतं हे कोण सांगणार? महसुलाच्या कागदात लांबी-रुंदी असेल. खोली नसते. मॅडम, चाळीस वर्षं मी डोंगर मोजले. आठवण मोजायची पट्टी माझ्याकडं नाही."

मी म्हणाले, "मला एक दिवस द्या."

पुनर्वसनाची वसाहत खाणीपासून तीन किलोमीटरवर होती. सारख्या मापाची घरं, सरळ रांगा. कुचनकारांच्या आत्या यमुनाबाई ओट्यावर डाळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हेच का फोनवाली?"

"आत्या," कुचनकार म्हणाले.

"त्याहीले बसाले तं दे. उभी काहून ठेवली पोरीले?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चार तारीख आली का हा दाढी करून जाते. म्या म्हटलं फोनवर दाढी दिसते का रे बापा?"

कुचनकार पाण्याचा तांब्या आणायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी यमुनाबाईंना सांगितलं की तळं किती खोल होतं ते मला हवं आहे.

"बुजवून टाकलं, आता खोली विचारून काय करता?"

"तळ्यात किती कोळसा गेला ते मोजायचंय."

"आन् मोजून?"

"मोजलेला कोळसा कागदावर येतो. कागदावर आला की तो विकावाच लागतो."

त्या थांबल्या. "म्हणजे काढतीन?"

"काढावा लागेल."

"सगळा?"

"जेवढा लिहिला असेल तेवढा."

त्या उठल्या. पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाका मारल्या. दहा मिनिटांत ओट्यापुढं यमुनाबाईंसकट सात बायका जमल्या आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. एक म्हणाली हत्ती बुडेल. दुसरी म्हणाली, तुह्या बापानं हत्ती पाहिला होता का? तिसरीनं दोन्ही हात वर केले.

तेव्हा मला भीती वाटली. तळं जितकं खोल सांगावं तितका जास्त कोळसा निघणार, हे आता त्यांना कळलं होतं. ते सांगायची चूक मीच केली होती. मोजायच्या आधी, मोजून काय होणार हे मी बोलून बसले होते. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात, असं करू नये.

मी सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली बसवलं आणि एकेकीला घरात बोलावलं. आत दुसरं कुणी नाही. कुचनकारांना मी झाडापाशी उभं केलं, बायकांनी आपसांत तळ्याविषयी बोलू नये म्हणून. ते तिथं चांगला तासभर उभे होते आणि बायका त्यांची थट्टा करत होत्या.

घाटाला पायऱ्या होत्या. पायऱ्या किती? प्रत्येकीला हा एकच प्रश्न आधी. मग दुसरा. बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं होतं आणि बायका झरे खणायला तळाशी उतरल्या होत्या, हे यमुनाबाईंनीच सांगितलं होतं. तर, तळाशी उभं राहिल्यावर शेवटची पायरी अंगाला कुठवर लागत होती? मी कोळशाचा तुकडा हातात देई. ती भिंतीला पाठ लावून उभी राही, डोळे मिटून आठवी, मग वळून भिंतीवर रेघ ओढी. मी टेपनं माप घेई आणि पुढची यायच्या आत ओल्या फडक्यानं रेघ पुसून टाकी.

पहिल्या पाचजणींनी पायऱ्या अकरा सांगितल्या. रेघा भिंतीवर कुठं टाळूपाशी, कुठं डोक्याच्या बऱ्याच वर येत होत्या, कारण बायकांची उंची वेगळी. पण जमिनीपासून मोजलं की एक मीटर बासष्ट, एक सत्तर, एक सहासष्ट. सहावी म्हातारी बारा पायऱ्या म्हणाली.

"बाकीच्या अकरा म्हणतात," मी म्हणाले. असं म्हणायला नको होतं.

"त्या तुटकी धरत नाहीत. मी धरते. त्या पायरीवर माही नथ पडली होती."

सातवी यमुनाबाई. त्यांनी रेघ ओढली, जरा पाहिली, आणि स्वतःच पुसून थोडी खाली ओढली. "जास्त होऊन राहिली होती," त्या म्हणाल्या. "मनात आलं, वर ओढावी. पण पायाले ठाऊक आहे."

सगळ्या झाल्यावर मी भिंत पुन्हा पुसली. रेघा गेल्या, पण सात वेळा एकाच जागी पुसल्यामुळं तिथं हातभर रुंदीचा एक राखाडी पट्टा राहिला होता. एवढ्यातच सगळ्याजणींच्या रेघा पडल्या होत्या. यमुनाबाई म्हणाल्या, राहू द्या.

पायरीची उंची मी विचारली नव्हती. परत जाताना मी जीपमधे ती विचारली, तर कुचनकारांनी हाताची वीत पसरून वर चार बोटं ठेवली. मी त्यांच्या हाताला टेप लावला. तीस सेंटिमीटर. त्यांची बोटं थंडगार होती, चाळीस अंश उन्हात. टेप गुंडाळायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ड्रायव्हर पुढं कुठलं तरी गाणं गुणगुणत होता.

रात्री मी गेस्ट हाउसमधे हिशेब मांडला. महसुलाच्या नकाशातली लांबी-रुंदी, बायकांची खोली, बशीसारखा आकार. अकरा हजार आठशे टन. बायकांची सगळ्यांत कमी खोली धरली तरी अकरा हजार तीनशे. कसंही धरलं तरी फरक पाच टक्क्यांच्या बराच आत येत होता.

दिघोरीकरांनी कागद वाचून त्याची घडी घातली. "एक भोक पाडू," ते म्हणाले. "मला डोळ्यांनी दिसू दे."

चार तारखेला सकाळी पोकलेन लावलं. ढिगाच्या पूर्वेच्या टोकाला, जिथं वरचा थर पातळ होता तिथं. नकाशातली जमिनीची पातळी आली तेव्हा दिघोरीकरांनी हात वर केला. बकेट त्याच्याखाली गेली आणि कोळसाच घेऊन वर आली. आणखी एक मीटर. कोळसा. दोन मीटर. कोळसा, पण ओला, चकाकणारा. तीन मीटरवर बकेटमधून पाणी निथळू लागलं आणि शेवाळाचा वास आला. सगळीकडं धूळ आणि डिझेल असताना तो वास वेगळा कळत होता. पुढच्या खेपेला बकेटचे दात कशावर तरी करकरले.

"बस!" कुचनकार ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अजून दोन मीटर जाऊ दे," दिघोरीकर म्हणाले. "तळ लागेल."

"खाली पायऱ्या आहेत साहेब."

दिघोरीकर खड्ड्यात वाकून बघत राहिले. मग त्यांनी ऑपरेटरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि खिशातून पेन काढलं.

त्या महिन्याचा आकडा फोनवर आला नाही. कुचनकारांनी तो मला समोर बसून सांगितला, एकेक अंक सुटा, आणि मी तो परत वाचून दाखवला. अहवालात मी तळटीप घातली: 'साठ्यात जुन्या तळ्यातील ११,८०० टन धरले आहेत. पातळीखाली तीन मीटरपर्यंत प्रत्यक्ष पाहिले. त्याखालील खोली गावातील सात स्त्रियांच्या स्वतंत्र सांगण्यावरून.'

कुचनकार म्हणाले, "बरोबर."

रामटेककर साहेबांनी ती टीप वाचून चष्मा कपाळावर चढवला. "वैरागडे, देशाच्या पुस्तकात आता बायकांच्या आठवणी छापायच्या?" मी म्हणाले, खाणींच्या वह्यांपेक्षा त्यांच्या मापांत फरक कमी आहे. मी त्यांना सातही मापं दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि 'स्त्रियांच्या' शब्दावर काट मारून 'रहिवाशांच्या' केलं. बाकी टीप तशीच गेली.

कुचनकारांना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. आणि लिहिलं होतं म्हणून कोळसा काढावा लागला. दर महिन्याला फोनवर आता एक आकडा जास्तीचा येऊ लागला. तळ्यातला साठा. अकरा हजार आठशे. दहा हजार दोनशे. पावसाळ्यात तो हलला नाही. दिवाळीनंतर सात हजार. आता ते मोराविषयी सांगत नसत. घाटाची वरची पायरी दिसली, असं सांगत. पाचवी दिसली. आत्या रोज दुपारी जाऊन बसते. डोझरवाला घाबरून असतो तिला.

फेब्रुवारीचे आकडे देताना त्यांनी तळ्यातला साठा नऊशे सांगितला. मी परत वाचला. मग ते म्हणाले, "मार्चअखेर रिकामं होईल. खालून झरे जिवंत आहेत. पाणी येईल. तेव्हा... याल? पाहायला?"

मी सगळं परत वाचून दाखवणारी. ते वाक्य मी परत वाचलं नाही. "बघते," असं म्हणाले.

मार्चमधे माझ्या बढतीचा हुकूम आला. कलकत्ता, दहा एप्रिलपर्यंत रुजू. मोजणीला त्या वर्षी दुसरं कुणी गेलं. दोन दिवसांची रजा मला मिळाली असती. मी अर्ज लिहिलासुद्धा. नाव, हुद्दा, तारीख भरली. 'रजेचे कारण' या रकान्यापाशी थांबले. सात बायकांच्या आठवणी देशाच्या पुस्तकात घालताना मी कचरले नव्हते, पण त्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. खाजगी, एवढंच लिहून चाललं असतं. ते मला आज कळतं. अर्ज टेबलाच्या खणात राहिला.

मी कलकत्त्यात अठ्ठावीस वर्षं काढली. आधी खाणींचे, मग साऱ्या देशाचे आकडे माझ्या हातून गेले. कोळसा, तेल, वायू. निळ्या पुस्तकाची कितीतरी वर्षं मी स्वतः तपासली. पिंपळझरीचं तळं पुढं तीन पावसाळे राहिलं असं ऐकलं. मग खाण पूर्वेकडं वाढली. कुचनकार ओडिशात गेले, तिथं त्यांचं लग्न झालं असंही कुणीतरी म्हणालं. मी पुन्हा विदर्भात गेले नाही. ते तळं मी पाहिलेलं नाही. पायऱ्या अकरा, तळापासून शेवटची पायरी सरासरी एक मीटर अडुसष्ट, एवढं माझ्या वहीत आहे.

नागपुरातला माझा शेवटचा फोन चार एप्रिलचा.

रामटेककर साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. माझ्या जागी येणाऱ्या माणसाला ते काम समजावत होते. फोन वाजला. उत्पादन, रवानगी, अखेरचा साठा. मी लिहीत गेले, वाचत गेले.

"तळ्यातला साठा," कुचनकार म्हणाले, आणि थांबले. "निरंक."

"निरंक," मी वाचून दाखवलं.

"बरोबर. दोन पायऱ्या पाणी चढलंय."

मी पेन हातात धरून बसले. तक्त्यात पाण्याला रकाना नव्हता.

त्यांनी "ठेवतो" म्हटलं नाही. लाइन चालू होती. दूरवर डंपरचा आवाज येत होता, त्याच्यापुढं त्यांचा श्वास. त्यांना आणखी एक आकडा द्यायचा आहे असं वाटावं, इतका स्पष्ट. मी थांबले. रामटेककर साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. नवा माणूसही पाहू लागला.

"ठेवते," मी म्हणाले, आणि फोन आधी मी ठेवला.